कुंकू लागलेली डिस्क

ती तळहाताएवढी काळी डिस्क अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हटत नाही. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती, वाळून तडकलेली, आणि एका कोपऱ्याला दोन अक्षता चिकटून राहिल्या होत्या. नोकरीभर मी पंचनाम्यात कोयते लिहिले, गावठी कट्टे लिहिले, चोरीची भांडीकुंडी लिहिली. पूजा केलेला मुद्देमाल मात्र मी तेवढा एकच जप्त केला.

निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची नेमणूक जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून चोर-दरोडेखोरांच्या मागे केस पांढरे केलेल्या माझ्यासारख्याला तिथे बसवलं होतं. सकाळची हजेरी होण्याआधीच बाहेरच्या बाकावर माणसं येऊन बसलेली असत. कोणी फोनवर ओटीपी सांगून खातं रिकामं करून घेतलेलं, कोणी कर्जाच्या ॲपला गांजलेलं. ठाणे अंमलदार त्यांचे अर्ज घ्यायचा, मी वाचायचो. त्या बाकावर बसणाऱ्या माणसाचा चेहरा मी लांबून ओळखायला शिकलो होतो. घर फोडलं गेलेला माणूस चिडलेला असतो. सायबरचा फिर्यादी ओशाळलेला असतो.

त्या दिवशी आलेला माणूस मात्र चिडलेला होता. नावं मी घेणार नाही. त्यांना सगळे नाना म्हणत, तेवढं पुरे. सावद्याचे केळीचे व्यापारी. शेतकऱ्यांचा माल कटाई करून घ्यायचा, वजन करून गाड्या भरायच्या आणि दिल्ली-पंजाबकडे रवाना करायच्या, हा त्यांचा धंदा. कोणाच्या मळ्यात कोणत्या दिवशी कटाई, कोणाचं किती वजन, कोणत्या व्यापाऱ्याकडे कोणती गाडी, हा सगळा पसारा त्यांच्या कार्यालयातल्या संगणकात होता. त्या सकाळी संगणक उघडला तर पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला होता. तुमच्या सर्व फायली कुलूपबंद केल्या आहेत, खंडणी भरा, मग किल्ली मिळेल. गावातलं एक खताचं दुकान आणि एक रक्त तपासणीची लॅब, तिथेही त्याच सकाळी तोच मजकूर.

"कोणावर संशय?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"संशय कायचा साहेब, खात्री हाये," नाना म्हणाले. "माह्या भाच्यानंच केलं हे. तिन्ही ठिकाणचं काम त्याच्याकडे. पासवर्ड दुसऱ्या कोनाले माहीतच नही."

हा भाचा म्हणजे नानांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा नव्हे. नाना ज्या गुरुजींच्या हाताखाली शिकले, त्यांच्या मुलीचा हा मुलगा. गुरुजींना मुलगा नव्हता. त्यामुळे ती लहानपणापासून नानांना राखी बांधायची आणि पुढे पारोळ्याला दिल्यावरही दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानाच तिला माहेरी आणायला जायचे. गुरुजी गेले, त्यांचं घर विकलं गेलं, तरी तिचं माहेर चालू राहिलं ते नानांच्या ओट्यावर. आणि आमच्याकडे गावच्या लेकीचा मुलगा हा सगळ्या गावाचा भाचा असतो. या भाच्याने संगणकाचा डिप्लोमा करून जळगावात दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं, तेव्हा सावद्याच्या तिन्ही व्यापाऱ्यांनी आपलं काम त्याच्याकडे दिलं. आपला माणूस सोडून बाहेरच्या कंपनीकडे कोण जातो?

गुन्हा दाखल करून मी सावद्याला गेलो. संगणकांचा पंचनामा केला, पंचांच्या सह्या घेतल्या, वस्तू लाखेने सील केल्या. ती डिस्क मला तिथेच दिसली. संगणकाच्या पाठीमागे वायरीने जोडलेली, वर कुंकू.

"हे काय?"

"भाच्यानं देल्ती. समदं यात उतरवून कपाटात ठेवा म्हने. लक्ष्मीपूजनाले संगणकाजवळ पुजली. पूजेतली वस्तू लगेच हलवू नये म्हनून राहू देली, मंग राहूनच गेली."

दिवाळी होऊन थंडी सरत आली होती. डिस्क तेव्हापासून संगणकाला जोडलेलीच. चोराने संगणकाला कुलूप घातलं तेव्हा डिस्कलाही घातलं. कपाटात असती तर त्याचा हात तिथवर पोहोचला नसता. नानांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते खुर्चीत बसले.

खबर मिळाली ती नानांच्या कार्यालयासमोरच्या चहावाल्याकडून. माझ्याबरोबरचा हवालदार धुळ्याकडचा, चहा पिता पिता माणसाच्या पोटातलं काढून घेण्यात पटाईत. चहावाला त्याला म्हणाला, दिवाळीनंतर भाचा आणि नाना यांची बोलाचाली झाली होती. जाताना भाचा मोठ्याने म्हणाला होता, एक दिवस सगळं बंद पडेल, मग कळेल तुम्हाला. आता एवढं वाक्य हाती आल्यावर कोणता पोलीस अधिकारी गप्प बसेल? भाच्याला हजर राहण्याची नोटीस बजावली, दुकानातले लॅपटॉप, फोन, गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या वस्तू, सगळं जप्त करून तपासणीला प्रयोगशाळेत पाठवलं. कायद्याप्रमाणे दुसरा रस्ता नव्हता. मी त्यात चूक केली असं मला आजही वाटत नाही, आणि याच गोष्टीचा मला जास्त त्रास होतो. चूक असती तर ती कबूल करून मोकळा झालो असतो.

भाचा तिशीतला, अंगाने किडकिडीत, बोलायला सरळ. पहिल्या दिवशी तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि मी विचारीन त्याचं उत्तर देत गेला. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस आधी रागावतो किंवा आधी रडतो. याने दोन्ही केलं नाही.

"तिन्ही ठिकाणी एकच पासवर्ड का ठेवलास?"

"आधी वेगळे दिले होते, साहेब. मग रोज फोन. भाचा, तो पासवर्ड काय होता रे. मी जेवायला बसलो तरी फोन, एकदा लग्नात बोहल्यापुढे उभा होतो तरी फोन. शेवटी नाना मामाच म्हणाले, सगळ्यांचा एकच कर, गावाचं नाव टाक, विसरणार नाही कोणी."

"आणि बाहेरून संगणकात शिरायचं ते सॉफ्टवेअर? ते चोवीस तास उघडं ठेवलं होतंस."

तो म्हणाला, "काही अडलं की जाऊन दुरुस्त करायला सावदा जवळ नाही. मी एकदा जाण्या-येण्याचं भाडं मागितलं. मामा हसले. मामाच्या घरी यायला भाडं मागतो का रे, म्हणाले. घडातली केळी दिली, मामींनी जेवू घातलं. मी परत मागितलं नाही. मग जळगावात बसूनच दुरुस्त करायला लागलो. त्यासाठी ते उघडं ठेवावं लागतं."

"वर्षाचा करार वगैरे?"

"दिवाळीला शर्टाचं कापड देतात. तिघंही."

तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. त्याला त्यात वावगं वाटतच नव्हतं, आणि मलाही ऐकताना आधी वाटलं नाही. माझ्या घरचा संगणक बिघडला की मीही ओळखीच्याच पोराला बोलावत होतो. चहा, पोहे आणि शाबासकी, झालं.

चहावाल्याने ऐकलेल्या वाक्याबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्याचा आवाज बदलला. डिस्क त्याने स्वतःच्या पैशाने आणली होती. दिवाळीनंतर तो गेला तर ती कुंकवासकट जोडलेलीच. त्याने काढायला सांगितलं, जुना संगणक बदला म्हणाला, पासवर्ड वेगळे करू म्हणाला. नाना म्हणाले, चालतंय ना, मग काय खर्चाची भर घालतोस. त्यावर तो तसं बोलला होता.

"माझा जीव तुटत होता म्हणून बोललो, साहेब. धमकी कशाची देणार? माझी आई त्या घरी माहेरपणाला जाते."

मला त्याचं पटलं. पण तपासी अधिकाऱ्याला पटून उपयोग नसतो, पुरावा लागतो. तो आला माझ्या हवालदाराच्या नात्यागोत्यातून. एके दिवशी ठाण्यात कागद लावता लावता हवालदार म्हणाला, "साहेब, धुयाले मन्हा साडू शे. त्यानं दुकानबी असंच बंद पडनं व्हतं. पडदावर लाल अक्षरं, इंग्रजीमा. त्यानी तक्रारबी दिधी नही."

दुसऱ्याच दिवशी आम्ही धुळे गाठलं. साडू म्हणजे नळ-पाइपांचा बेताचा व्यापारी. त्याच्या फोनमध्ये पडद्याचा फोटो होता. मजकूर तोच, खंडणी पाठवायचा पत्ताही तोच. कर्मचाऱ्याने ईमेलवर आलेलं एक खोटं बिल उघडलं आणि चोर आत शिरला. आमच्या भाच्याने हे दुकान कधी पाहिलेलंही नव्हतं. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यातही सावद्यात शिरलेला माणूस परदेशातल्या पत्त्यावरून आला, सोपा पासवर्ड ओळखून, असंच निघालं. एक खोली फोडली आणि तीच किल्ली उरलेल्या दोन खोल्यांना लागली.

"तक्रार का नाही दिली?" मी साडूला विचारलं.

"काय द्यायची? दुपारपर्यंत दुकान सुरू झालं. संगणक सांभाळायला एक कंपनी लावलीय, त्यांनी त्यांच्याकडे रोजची प्रत ठेवलेली होती, ती परत टाकली." मग तो स्वतःशीच हसल्यासारखा म्हणाला, "दर वर्षी त्यांचं बिल आलं की मी त्यांना शिव्या देतो, साहेब. करता काय तुम्ही, म्हणतो. कधी काही बिघडलेलंच नसतं."

परतीच्या रस्त्यात आमच्यापुढे एक ट्रक चालला होता, खाली स्टेपनी लटकलेली. नानांच्या प्रत्येक ट्रकला मी स्टेपनी पाहिली होती. ती वर्षभर नुसती लटकलेली असते, तिच्याबद्दल एकाही मालकाची तक्रार नसते. पण चालू संगणकाची काळजी घेण्यासाठी पैसे मोजायचे, हे त्याच मालकाला लूट वाटते. बिघडल्यावर या, तेव्हा बघू. आणि बिघडण्याआधी जो येतो, तो बिचारा फुकटात येतो.

भाच्याचा गुन्ह्याशी संबंध नाही, असं मी केस डायरीत सविस्तर लिहिलं आणि वरिष्ठांना कळवलं. नानांना ठाण्यात बोलावून समोर बसवून सांगितलं. नानांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. धंदा त्यांच्या हातून निसटत होता. कटाईची पाळी कोणाची हे सांगता येईना म्हणून शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे माल देऊ लागले होते, केळी काही थांबत नाही.

"नसंल केलं त्यानं," ते शेवटी म्हणाले. "पन साहेब, दार तं त्यानंच उघडं ठेवलं ना?"

"दार लावायला यायचं भाडं त्याला कोणी दिलं नाही, नाना."

ते उठले. नमस्कार करून निघून गेले. ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी वागणं पोलिसाला सोपं असतं.

तोवर बाहेर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भाच्यानेच गावाला बुडवलं, हा निरोप प्रत्येकाच्या फोनवर फिरला होता. जळगावातल्या गिऱ्हाइकांनी आपापली कामं काढून घेतली. त्याची हत्यारं, म्हणजे ते लॅपटॉप आणि फोन, प्रयोगशाळेच्या रांगेत पडून. दुकानाचं भाडं चढलं तसं त्याने शटर ओढलं आणि पुण्याला एका कंपनीत नोकरी धरली. परदेशी दुकानदारांचे संगणक इथे बसून सांभाळायचे, हेच काम. जाण्याआधी मला भेटायला आला होता. तिथे आपल्या कामाच्या तासाला भाव ठरलेला आहे, हे तो मला एखाद्या नवलाच्या गोष्टीसारखं सांगत होता.

आखाजी आली. आमच्या खानदेशात हा सण लेकींचा. झाडाझाडाला झोके बांधलेले, गौराईची गाणी, माहेरी आलेल्या बायकांनी गल्ल्या भरलेल्या. सणाच्या बंदोबस्ताला सायबरवाल्यांनाही उपसतात, माझी नेमणूक पारोळ्याला लागली. गौराईची मिरवणूक निघायला अवकाश होता, म्हणून मी भाच्याच्या आईकडे डोकावलो. तपासात एकदा तिचा जबाब घ्यायला गेलो होतो, घर माहीत होतं. गावात तिला अक्का म्हणत. ती ओट्यावर बसली होती. नवं लुगडं, शेजारी भरलेली पिशवी.

"नाना येतीन," ती म्हणाली. सावद्याची बोली तिने सासरी केव्हाच सोडली होती. "दरसाल सकायमा येतस. आज उशीर हुई ऱ्हायना."

तिने आत जाऊन पाणी आणलं, आणि पेला हातात देता देता विचारलं, "साहेब, मन्हा पोऱ्या सुटना ना?"

"त्याला पकडलंच नव्हतं, अक्का. त्याचा काही दोष नाही, मी तसं लिहिलंय."

"मंग माले एक कागद लिखी द्या. त्यानी काही करं नही, असा. मी सावदाले दखाडसू. बठ्ठा गावले दखाडसू." तिला तो सगळ्या गावाला दाखवायचा होता.

मी नोकरीभर लोकांना कागद दिले. चारित्र्याचे दाखले दिले, हरवल्याचे दाखले दिले, पंचनाम्याच्या नकला दिल्या. ज्याच्यावर आरोपच ठेवला नाही, तो निर्दोष असल्याचा दाखला मात्र पोलीस ठाण्यात मिळत नाही. तसा नमुनाच नाही. हे मी तिला सांगितलं. तिला ते समजलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही समजलेलं नाही.

मी बाजूला जाऊन नानांना फोन लावला. अक्का वाट बघतेय म्हणालो.

"लॅबवाले, खतवाले, समदे शेजारीच राह्यतात, साहेब," ते म्हणाले. "त्याहिच्या समोरून तिले कशी आनू? अन् तिच्या पोराले चोर म्हनलो मी. तिच्यासमोर तरी कोन्त्या तोंडानं जाऊ?"

त्यांनी फोन ठेवला. मी ओट्याशी परत येऊन सांगितलं, नानांची तब्येत बरी नाही. माझ्या तोंडून निघालेली ही थाप इतकी लंगडी होती की एखाद्या आरोपीने मारली असती तर मी त्याला तिथेच धरला असता. अक्काने माझ्याकडे नीट बघितलं. "बरं," म्हणाली. मग पिशवी उघडली, स्टीलचा एक डबा काढला आणि माझ्या हातात दिला. आत सांजोऱ्या होत्या, नानांसाठी केलेल्या. सावद्याकडे कोणी जाणार असेल तर पाठवा, म्हणाली.

डबा मी हवालदाराबरोबर नानांकडे पोहोचवला. डबा माझ्याकडे परत आला तो घासूनपुसून, स्वच्छ आणि रिकामा. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. साखरेची चिमूट तरी घालतात. केळीच्या व्यापाऱ्याच्या घरातून आलेल्या त्या डब्यात एक केळंसुद्धा नव्हतं. नानांनी रागाने तसं केलं असेल असं मला वाटत नाही. आत काय ठेवावं हे त्यांना सुचलं नसेल.

खंडणी मागणारा शेवटपर्यंत सापडला नाही. गुन्हा खरा पण आरोपी मिळून येत नाही, असा अ-समरीचा अहवाल पाठवून मी ती फाइल बंद केली आणि काही काळाने निवृत्त झालो. लोक विचारतात, एवढ्या नोकरीत काय शिकलात? या प्रकरणातून मी शिकलो ते एवढंच की कामाची किंमत कोणाला चुकवता येत नाही. ज्याने द्यायची त्याने दिली नाही, तर ती ज्याचा काही संबंध नाही त्याच्याकडून वसूल होते. तीन दुकानांच्या संगणकांची निगा फुकटात झाली, त्याची भरपाई एका बाईने आपलं माहेर देऊन केली. आता घरी कोणी काही दुरुस्त करायला आला आणि पैसे विचारल्यावर "राहू द्या काका, घरचंच आहे" म्हणाला, की मला राग येतो. मी दार अडवून उभा राहतो आणि पैसे घेतल्याशिवाय त्याला जाऊ देत नाही. पोरं हसतात. माझी बायको म्हणते, म्हातारा चक्रम झाला.

तो डबा मी अक्काला नेऊन दिला नाही. रिकामा देववेना, आणि मीच त्यात काही भरून नानांनी पाठवलं म्हणून सांगणं म्हणजे आणखी एक थाप झाली असती. निवृत्तीनंतर धीर करून एकदा पारोळ्याला गेलो, तर घराला कुलूप. मुलगा आईला पुण्याला घेऊन गेला, असं शेजारणीने सांगितलं. डबा आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. बायको दर दिवाळीच्या साफसफाईला तो खाली काढते, पुसते आणि हा कोणाचा म्हणून विचारते.